तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावर एवढं सामान कशासाठी?

श्रीवर्धन तालुक्यात आमचं घर आहे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. जेवायला बसलं की माळ्याकडे बघून कुणीतरी विचारतंच, वहिनी हे डबे, लाकडं, कंदील, दोरखंड, एवढं सगळं कशाला भरून ठेवलंय, दुकान तर कोपऱ्यावर आहे. वाढता वाढता दोन वाक्यं सांगते आणि तेवढ्यात कुणीतरी भात मागतं, ते राहून जातं. आज नीट लिहिते.

पावसाळ्याआधी भरायच्या सामानाला आमच्याकडे आगोट म्हणतात. गोव्याच्या एक ताई आल्या होत्या, त्या म्हणाल्या आमच्याकडे याला पुरुमेंत म्हणतात आणि मे महिन्यात मडगावला त्याचं फेस्त भरतं. सासूबाई नारळी पौर्णिमेपर्यंत पुरेल एवढं भरायच्या. कडवे वाल राखेत कालवून, तूरडाळीला एरंडेल चोळून, आठळ्या मातीत, आमसुलं बरणीत, सुकट-सोडे-बोंबील कडक ऊन दाखवून पत्र्याच्या डब्यात. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं शिकले, करतही होते, पण रीत म्हणून. का करायचं ते मला ३ जून २०२० ला कळलं.

निसर्ग वादळ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, मृग लागायला अजून तीन-चार दिवस होते, त्यात लॉकडाऊन, बाजार धड उघडत नव्हता, आमची आगोट निम्मीच झालेली. आधी कोन्यावरची कौलं गेली, मग पडवीचे पत्रे वाशांसकट गेले, आम्ही चौघं देवघराच्या खोलीत बसलेलो आणि बाहेर सुपारी मोडल्याचा आवाज एकामागोमाग एक. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा वाडीतून समुद्र दिसत होता, जो त्याआधी कधीच दिसला नव्हता. विजेचे खांब रस्त्याला आडवे. वीज यायला आमच्या वाडीत महिना उलटला.

लोकांना वाटतं अशा वेळी खाण्याचे हाल होतात. आमच्याकडे खायला होतं हो. पण घरात असलेलं सामान वापरता येत नव्हतं! गहू तीस किलो होते आणि पीठ दोन वाट्या, गिरण बंद. पावसाळ्यात मासेमारी बंद म्हणून फ्रीजरमध्ये सुरमई न कोळंबी भरून ठेवलेली, ती तिसऱ्या दिवशी माडाच्या मुळाशी खड्डा करून पुरली. नारळ अंगणात पडलेत पण वाटण करायला मिक्सर नाही आणि पाटा मागच्या दारी कपडे धुवायला टाकलेला. रोज फोनने पैसे द्यायची सवय, त्याला ना रेंज ना चार्जिंग, घरात रोख साडेचारशे रुपये.

आणि विहीर. दारात विहीर, आत पाणी, आणि आम्हाला ते काढता येईना, कारण पंप बसवला तेव्हा रहाट काढून सरपणात घातला होता. वाडीत एकाच घरी रहाट शिल्लक होता, एका आजींकडे, त्यांनी तो मोडू दिला नव्हता. पहाटे पाचपासून सगळ्या वाडीचे हंडे तिथे रांगेला, आणि आजी ओट्यावर बसून कुणाच्या घरी लहान मूल आहे, कुणाकडे आजारी माणूस आहे ते बघून आधी कुणी भरायचं ते सांगायच्या, एकदाही कुणी वाद घातला नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या तळहातांना फोड आले होते, दोराची सवयच राहिली नव्हती ना.

उजेडाचं म्हणाल तर चार्जिंगचे तीन बल्ब होते, त्या रात्री पेटले, तीन-चार तास चालले आणि मग महिनाभर नुसतेच टांगलेले. चार तास लाईट जाते तिथे ते चांगले आहेत, महिनाभर जाते तिथे नाही. कंदील होता तर रॉकेल नव्हतं, रेशनला मिळायचं ते दिवस गेले. मग घरचं खोबरेल वाटीत घालून कापसाच्या जाड वाती लावल्या, त्यावर आमच्या धाकटीने रात्री भूगोलाच्या नकाशात रंग भरलेले मला आठवतात.

ऊब हा शब्द कोकणात कुणी काढत नाही, पण शेजारची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ अठरा दिवसांचं, घरात छप्पर गळतंय आणि दुपट्यांना ऊन नाही. सरपण पडवीत होतं ते सगळं ओलं. आमच्या चुलीवरच्या फळीवर, जिथे धूर लागतो तिथे, सासूबाईंनी नारळाची सोडणं आणि थोडा लाकूडफाटा रचून ठेवलेला, तेवढाच कोरडा राहिला. शेगडीत निखारे घ्यायचे, त्यावर वेताची टोपली पालथी, टोपलीवर दुपटी पसरायची, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा आणि बाळंतशेपा. दर दहा मिनिटांनी दुपटी उलटायची. हे करताना खिडकी उघडीच ठेवायची बरं का, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं गुदमरून उठलीच नाहीत असं झालेलं आहे, हे मी प्रत्येकाला सांगते.

तर आता काय ठेवते ते सांगते. सासूबाईंसारखं नारळी पौर्णिमेपर्यंतचं भरत नाही, एका महिन्याचं भरते. आम्ही चौघं, दिवसाला किलोभर तांदूळ लागतो, म्हणजे तीस किलो, आणि वर पाच, कारण अशा दिवसांत कुणीतरी दारी येतंच. दहा किलो पीठ दळून आणलेलं, त्यात जास्त तांदळाचं, आणि कुळथाचं दोन किलो, कुळथाच्या पिठाची पिठी दहा मिनिटांत होते, सरपण कमी लागतं. पोहे, गूळ, शेंगदाणे, मीठ. काडेपेट्या झाकणाच्या बरणीत, तळाशी मूठभर तांदूळ, नाहीतर जुलैत एक काडी पेटत नाही. सिलिंडर दोन, दुसरा भरलेला असल्याशिवाय पहिला संपू देत नाही. टॉर्चचे सेल काढून वेगळे ठेवते, आत राहिले की पाझरतात आणि टॉर्चच वाया जातो. औषधं महिन्याची, सुट्टे पैसे पाच हजार. तुरटीचा खडा. यातलं काहीही पडून राहत नाही, रोजच्या जेवणात आधी जुनं काढायचं आणि नवीन मागे लावायचं, त्यामुळे साठा वेगळा असा नसतोच, घरातलंच थोडं पुढे केलेलं असतं.

कुठे ठेवायचं हेही शिकावं लागलं. माझी बहीण चिपळूणला असते. आमचं माळ्यावरचं तांदळाचं पोतं भिजलं ते ऐकून तिने सगळं खालच्या खोलीत हलवलं, आणि पुढच्याच वर्षी २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. ती वरच्या मजल्यावर होती, वाचली, पण महिन्याचा शिधा चिखलात, काय वाटलं असेल तिला. वादळ वरून नेतं आणि पूर खालून नेतो. म्हणून आम्ही दोघी आता दोन ठिकाणी ठेवतो, अर्धं माळ्यावर घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये, अर्धं खाली उंच ओट्यावर.

शहरातले पाहुणे म्हणतात आमच्याकडे विहीर नाही, चूल नाही, आम्ही काय करणार. मी त्यांना सांगते, तुमच्या बिल्डिंगमधलं पाणी पंपानेच वर चढतं ना, मग पिण्याचं आणि स्वयंपाकाचं धरून माणशी रोजचे चार-पाच लिटर, असं निदान तीन दिवसांचं भरलेलं असू दे. चूल नसली तर न शिजवता खाता येईल असं थोडं ठेवा. आणि मजल्यावर एकटं कोण राहतं ते माहीत असू दे.

आमच्याकडे मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मेन स्विच बंद करतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पाहुणे असले तर आधी सांगतो, बहुतेक जण खुशीने राहतात. पहिल्या वर्षी कळलं की कंदिलाची काच तडकलेली आहे. गेल्या वर्षी सगळं जागेवर होतं, पाटा धुतलेला, वाती वळलेल्या, आणि सकाळी धाकटी पोहरा सोडायला गेली तर दोर मध्येच उसवलेला. तिने तो हातभर ओढून मला दाखवला, मग सायकल काढून बाजारात गेली आणि साठ हात नवीन दोर घेऊन आली.