कुठला लॅपटॉप घेऊ? आधी तो कुठे ठेवणार ते सांगा

बारावीचे निकाल लागले की व्हॉट्सअ‍ॅपवर मला एकच मेसेज येतो, "दादा, ६० हजारात चांगला लॅपटॉप सांग ना." आणि मी उलट विचारतो की मशीन रोज बॅगेत जाणार की टेबलावर बसणार, आणि त्यावर असं कुठलं सॉफ्टवेअर चालवायचंय ज्याच्याशिवाय काम अडेल. बहुतेकांना वाटतं मी भाव खातोय. पण या दोन उत्तरांत निम्मी खरेदी उरकते हो, ब्रँड वगैरे नंतर.

इंजिनिअरिंगच्या पोरांचं बघू कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. अ‍ॅडमिशन झाली की घरचे दुकानात जातात, दुकानदार म्हणतो इंजिनिअरिंग ना, मग गेमिंग लॅपटॉपच लागणार, आणि पोरगं तर मनातून तेच म्हणत असतं. आता पहिल्या वर्षाला असतं काय, थोडं सी, थोडं पायथन असलं कोडिंग, पीडीएफ आणि असाइनमेंटची वर्ड फाइल. त्यासाठी सव्वादोन-अडीच किलोचं धूड, वर विटेएवढा चार्जर, आणि लेक्चरला बॅटरी तीन-चार तासात मान टाकणार. कॉम्प्युटर किंवा आयटीवाल्याला १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी (फाइली साठवायची जागा) आणि दीड किलोच्या आतबाहेर वजन एवढं पुरतं. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांचं वेगळं, त्यांना पुढे सॉलिडवर्क्स, रेव्हिट असलं डिझाइनचं सॉफ्टवेअर लागतं, हे दोन्ही मॅकसाठी येत नाहीत, त्यामुळे तिथे विंडोजच आणि ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं. म्हणून ब्रँच नक्की होईपर्यंत खरंतर थांबावं, पण ऐकतंय कोण.

बरं, "आय७ आहे म्हणजे भारीच" हेही डोक्यातून काढा. प्रोसेसरच्या नंबरच्या शेवटी अक्षर काय आहे ते बघा. आय७-१३५५यू आणि आय५-१३४२०एच शेजारी ठेवा, आय७ वाल्यात ताकदीचे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) फक्त २, आय५ वाल्यात ४, कारण यू म्हणजे साधारण १५ वॅटवर चालणारा, बॅटरी जपणारा, आणि एच म्हणजे ४५ वॅटवाला. रेंडरिंगसारखं (डिझाइन किंवा व्हिडिओचं अंतिम चित्र तयार करणं) तासभर चालणारं काम असेल तर हा आय५च पुढे जाणार. ग्राफिक्स कार्डाचंही तेच, लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे एकच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही असू शकतं आणि बॉक्सवर ते ठळक लिहितीलच असं नाही. दुकानात विचारून बघा, सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता जे मशीन टेबलावरून हलणारच नाही त्याबद्दल. आपल्याकडे डेस्कटॉप म्हटलं की लोकांना जुनं वाटतं, मला हे कळतच नाही. टॅलीवर बसणाऱ्या माणसाला दिवसभर आकडे मारायचे असतात, त्याला उजवीकडचं नंबर पॅड पाहिजे, ते १४ इंची लॅपटॉपवर बहुतेक नसतंच, मग वेगळा कीबोर्ड घ्या, मान दुखते म्हणून स्टँड घ्या, स्क्रीन लहान पडते म्हणून मॉनिटर घ्या, झाला की डेस्कटॉपच, फक्त महागातला. टॅली काही जड सॉफ्टवेअर नाही, मिठाईच्या बॉक्सएवढा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि २४ इंची मॉनिटर, विषय संपला. हां, यूपीएस मात्र घ्या, दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी डेटा सेव्ह करून नीट बंद करता येतं. गावाकडे लोडशेडिंग रोजचंच असेल तर मात्र मी स्वतः लॅपटॉपच सांगतो, त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस.

डीटीपीवाल्यांनाही डेस्कटॉप. त्यांचं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि वर्षानुवर्षांच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली विंडोजवर. नवीन एम चिपवाल्या मॅकमध्ये बूट कॅम्प उरलेलं नाही, म्हणजे पूर्वीसारखं त्यावर सरळ विंडोज टाकून चालवू असंही नाही. मॅकबुक एअर मला आवडतो, फॅन नाही, आवाज नाही, बॅटरी दिवसभर, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला झकास. फक्त त्याची रॅम नंतर वाढत नाही, आणि हे आता कितीतरी विंडोज लॅपटॉपलाही लागू आहे, रॅम बोर्डवरच चिकटवलेली येते. म्हणून "आत्ता ८ घेतो, पुढे वाढवू" म्हणायच्या आधी रिकामा स्लॉट आहे का ते विचारा. त्यात २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे पुढे स्वस्तात वाढवू हा हिशोबही धरू नका.

ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनमध्येच कॉम्प्युटर बसवलेला, दिसायला छान, हॉलमध्ये शोभतो, पण आत बऱ्याचदा लॅपटॉपचेच पार्ट असतात आणि स्क्रीन गेली की अख्खं मशीन दुरुस्तीला. नको. आईबाबांना बँकेचं काम, यूट्यूब आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर वरचाच मिनी पीसी एका वेबकॅमसकट द्या, अक्षरं मोठी करून. सेलेरॉन हा साधा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजवाला स्वस्तातला लॅपटॉप मात्र कुणालाच देऊ नका, विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी आणि ६४ जीबी आहे, म्हणजे बिचारा पहिल्या दिवसापासून पोट धरून चालणार.

बजेट ३० हजारांच्या आत असेल तर मी सरळ रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप सांगतो. ऑफिसमधून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक, दणकट असतात, कीबोर्ड मस्त. फक्त प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा बघा, म्हणजे आय५ नंतरचा नंबर ८ किंवा ९ ने, नाहीतर १०, ११, १२ असा सुरू होणारा. कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि सहाव्या-सातव्या जनरेशनची जवळजवळ सगळी मशीनं ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे ती "विंडोज ११ सकट" विकली जातात. टाकता येतं जुगाड करून, चालतंही, पण पुढच्या अपडेटची खात्री कोण देणार. घेताना तिथेच चार्जर काढून अर्धा तास यूट्यूब लावून ठेवा आणि बॅटरी किती टक्क्यांनी उतरते ते बघा, आणि जीएसटीचं बिल मागा, दुकान-धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं आणि वॉरंटीच्या वेळी कागद हातात असतो.