छाती स्वच्छ, ऑक्सिजन कमी

श्रावणातली ओपीडी. देवगडजवळच्या एका गावातून पंचावन्नच्या आसपासच्या मावशींना रिक्षातून आणलं. शेवाळलेल्या चिऱ्यांवरून घसरून घोटा मोडलेला, उजव्या पायाला गुडघ्याखाली प्लास्टर, तीन आठवडे खाटेवरच. "डॉक्टरांनू, माका बसल्याजाग्यार दम लागता," एवढं बोलतानाही त्या मध्येच थांबल्या.

छातीला स्टेथोस्कोप लावला. दोन्हीकडे हवा छान जात होती. घरघर नाही, ताप नाही, एक्स-रेही स्वच्छ. ऑक्सिजन मात्र 88 आणि नाडी 118. दमा किंवा न्यूमोनिया इतका बळावला, तर छाती अशी स्वच्छ राहत नाही. ईसीजीत हार्ट अटॅकची खूण नव्हती, ठोके तेवढे जलद.

मग चादर बाजूला केली. प्लास्टरबाहेरची बोटं सुजलेली. दोन्ही मांड्या टेपने मोजल्या, तर उजवी चांगली तीन सेंटीमीटर जास्त भरली, आणि आतल्या बाजूला दाबताच मावशी कळवळल्या. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली असणार, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका उरली नाही. लक्षणांना गुण देऊन गुठळीचा अंदाज बांधायचा, त्याला वेल्स स्कोअर म्हणतात. तो चारच्या वर गेला की गुठळीची शक्यता दाट धरतात; इथे सुजलेल्या पायाचे गुण सोडून दिले तरी सहा होत होते.

मुंबईहून मुलाचा फोन आला. "डॉक्टर, आधी डी-डायमर करून घ्या ना." त्याला समजावलं, की संशय कमी असेल तेव्हा गुठळीचे अंश शोधणारी ही रक्ततपासणी सोन्यासारखी, नॉर्मल आली की स्कॅन करावा लागत नाही. पण हाड मोडल्यावर ती तशीही वाढलेलीच येणार, आणि समजा नॉर्मल आली तरी आईला स्कॅनशिवाय मी सोडणार नाही. मग त्यात वेळ का घालवायचा?

सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेत डाय सोडून काढायचा धमन्यांचा स्कॅन, कोल्हापुरात, मध्ये फोंडा घाट. रक्तस्रावाचा काही त्रास नाही ना, हे विचारून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता रक्त गोठू न देणारं, हेपरिनच्या जातीचं इंजेक्शन पोटावर दिलं, वजनाप्रमाणे 60 मिलिग्रॅम. "घाटात काय झाला तर?" मावशींच्या यजमानांनी, काकांनी विचारलं. ऑक्सिजन लावून सिस्टरना सोबत दिलं.

संध्याकाळी कोल्हापूरहून फोन आला: डाय भरलेल्या पांढऱ्या धमन्यांत दोन्ही बाजूंना काळ्या गुठळ्या.

आठवड्याभराने मावशी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेऊन परतल्या. निदान तीन महिने घ्यायच्या. काकांना एकच चिंता, मासे चालतील का? मासे खुशाल खा म्हटलं. पण अंग दुखलं म्हणून दुकानातली वेदनाशामक गोळी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही.