बामी गल्लीतून सांगलीला लावलेला फोन

शनिवारी सकाळी नऊ वाजता बामी गल्लीत उभी राहून मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत रात्रीचे साडेनऊ झाले होते, जेवण उरकून ते बाहेर खुर्ची टाकून बसले होते. अण्णांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांचे बोर्ड, दूध संस्थांच्या भिंती, निवडणूक आली की गावोगावची चिन्हं. ही गल्ली त्यांना दाखवायचीच, हे मी आठवडाभर मनाशी घोकत होते.

मला ती सापडली ते चुकून. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात चोविसाव्या रस्त्यावरच्या एका मेक्सिकन बेकरीतून पाव घेऊन निघाले होते. हॅरिसन रस्त्याच्या अलीकडे एका बोळाच्या तोंडाशी रंग दिसले म्हणून आत वळले. बोळ म्हणजे घरांची मागची बाजू. गॅरेजची दारं, लाकडी कुंपणं, कचऱ्याचे डबे. आणि पार पंचविसाव्या रस्त्यापर्यंत दोन्ही अंगांना चित्रं. त्या दिवशी पाव तसाच हातात राहिला.

"लाकडावर आहे का पत्र्यावर?" हा अण्णांचा पहिला प्रश्न.

मी एका कुंपणावर नखानं वाजवलं. "लाकूड आहे, अण्णा."

"मग अस्तर चांगलं दिलं असणार. नाहीतर ऊन-पावसानं पापुद्रे सुटतात."

काही ठिकाणी सुटले होते, तेही दाखवले.

मधल्या आठवड्यात मी बरंच वाचून ठेवलं होतं. 1972 साली पॅट्रिशिया रॉड्रिग्ज आणि ग्रासिएला कारियो या दोघी इथे रंगवत होत्या. पुढे त्यांच्याभोवती 'मुहेरेस मुरालिस्तास' हा बायकांचा चित्रगट उभा राहिला. पण गल्लीला आजचं रूप आलं ते 1984 मध्ये. तेव्हा एल साल्वादोर आणि ग्वातेमालामध्ये यादवी चालू होती, तिथल्या राजवटींना अमेरिकेचं पाठबळ होतं आणि तिथून जीव घेऊन पळालेली माणसं याच मिशनमध्ये येऊन राहत होती. रे पात्लान या चित्रकाराच्या पुढाकारानं 'प्लाका' नावाखाली 36 जण एकत्र आले आणि त्यांनी या एका बोळात 27 चित्रं काढली. विषय ठरलेला: मध्य अमेरिकेतली माणसं आणि तिथला अमेरिकेचा हस्तक्षेप. ज्या देशाच्या धोरणाविरुद्ध बोलायचं, त्याच देशातल्या घरांच्या गॅरेजवर. घरमालकांनी आपली दारं त्यासाठी दिली, याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

त्यातलं मिरांडा बर्गमन आणि ओब्रायन थील यांचं 1984 चं चित्र अजून आहे. नाहीशा झालेल्या आप्तांचे फोटो हातात धरलेली माणसं आहेत त्यात. तीस वर्षांनी, 2014 मध्ये, त्या दोघांनीच त्यात पुन्हा रंग भरले. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. कित्येक चित्रं गेली आणि त्या जागी दुसरी आली. हुआना अलिसिया यांनी 1996 मध्ये रंगवलेले एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो मी अण्णांना दाखवले. अनैतिक कायदा पाळायला कुणीही बांधील नाही, असं त्यांनी प्रवचनात सैनिकांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी, 24 मार्च 1980 ला, प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. अण्णांनी हात जोडले.

मग ते म्हणाले, "जरा मागे जा. त्या पानांपाशी." मी फोन जवळ नेला. "हे एकाच्या हातचं नाही गं. ही पानं ओढणारा वेगळा आणि ती खालची पानं वेगळ्याची. पण रेघ एकानंच आखलीय."

मला आमची भिंत आठवली. खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा, एक टोक माझ्याकडे, एक भावाकडे. मध्ये अण्णा टिचकी मारायचे आणि सरळ रेघ उठायची. अक्षरं आणि चेहरे त्यांचे, भरणी हाताखालच्या पोराची. साडीचे काठ, आभाळ, पायाखालचं गवत सगळं तोच भरायचा.

"खाली नावं घातलीत का?" अण्णांनी विचारलं.

मी कोपऱ्यातली नावं वाचून दाखवली. अठराव्या रस्त्यावर विमेन्स बिल्डिंग या बायकांच्या केंद्राच्या बाहेरच्या दोन बाजू 1994 मध्ये सात जणींनी मिळून रंगवल्या आणि त्यांत एक मीरा देसाई आहे, हेही सांगितलं. अण्णा सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आपल्या पोराचं नाव मी एकदाही घातलं नाही. सतरा वर्षं होता माझ्याकडे."

मला काही बोलायला सुचलं नाही. तेवढ्यात माझ्या मागचं एक गॅरेज उघडायला लागलं. दार वर सरकत गेलं तशी चित्रातल्या माणसांची आधी डोकी गेली, मग खांदे, मग हात. आतून एक जुनी पांढरी गाडी बाहेर आली. चालवणाऱ्या आजोबांनी मला हात केला, मीही केला.

"फोन ठेवू नकोस," अण्णा म्हणाले, "ते दार खाली येऊ दे."