फाळक्यांच्या गावात माझा मूकपट

चौदा मिनिटांची फिल्म, त्यात भांडण सहा मिनिटांचं. नाशिकच्या एका छोट्या स्वतंत्र चित्रपट महोत्सवात ती लागली तेव्हा पडद्यावर माय-लेक तावातावाने भांडत होते आणि सभागृहात ऐकू येत होती फक्त पंख्याची घरघर. मी तिसऱ्या रांगेत घामाघूम, तेही जानेवारीच्या थंडीत.

घोळ नंतर कळला. मी हौसेने 5.1 मिक्स, म्हणजे सहा चॅनेलमध्ये वाटलेला आवाज, करून घेतलं होतं. त्यात संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात आणि या हॉलचा पडद्यामागचा मधला स्पीकर कुणीतरी कधीतरी काढून ठेवला होता. मशीनला मात्र तो आहे असंच वाटत होतं. सबटायटल असती तर निभावलं असतं, पण ‘मराठी माणसांना मराठीचे कशाला?’ म्हणून ती मीच काढली होती. शहाणपणा!

तेव्हा पेनड्राइव्हवर स्टिरिओ मिक्सची, म्हणजे डाव्या-उजव्या दोनच चॅनेलची, वेगळी फाइल ठेवाच, आणि चित्रातच छापलेली सबटायटल असलेली आणखी एक. ड्राइव्ह एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून न्या. जुन्या फॅट32 प्रकारावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. हॉलमध्ये डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत) चालतं की लॅपटॉपवरून दाखवणार, हे आठवडाभर आधी विचारा. रात्रीचे प्रसंग असतील तर तेवढे तरी तिथल्या प्रोजेक्टरवर बघून घ्या. माझी सुंदर काळोखी गल्ली तिथे नुसती राखाडी दिसली. आयोजक ‘सगळं ओके आहे’ म्हणतील. ते खोटं बोलत नसतात, त्यांनी तुमची फिल्म लावून पाहिलेली नसते एवढंच. प्रोजेक्टरवाल्या काकांना आदल्या संध्याकाळी गाठा, चहा पाजा, दोन मिनिटं लावून घ्या.

म्हणजे एक दिवस आधी पोहोचणं आलं. मी कल्याणहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडली. नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे. स्टेशनपासून गाव नऊ-दहा किलोमीटर आहे. सिटीलिंकची शहर बस मिळते. लॉज गावातच, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा शालिमारच्या आसपास बघा, रात्रीच्या शोनंतर रिक्षाची घासाघीस वाचते. परतताना पंचवटी एक्स्प्रेस भल्या सकाळी असते, त्यामुळे शेवटच्या दिवशीही मुक्काम धरूनच चला.

परिसंवादात मी चक्क झोपलो. कामाची माणसं बाहेर टपरीवर भेटली: धुळ्याचा एक कॅमेरामन, स्वतःच्या लग्नाचे पैसे फिल्ममध्ये घातलेली एक संकलक. तिने सांगितलेली गोष्ट मला महागात पडण्याआधी कळली. फिल्म यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली करू नका, बरेच महोत्सव मग घेत नाहीत. पासवर्डची लिंक ठेवा.

दुपारी तोंड लपवायला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलो. दादासाहेब इथलेच, 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, 1944 साली नाशिकलाच गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913चा, त्यात आवाजच नव्हता, म्हणजे स्पीकरची कटकटही नव्हती. वेळ असेल तर वर लेण्यांपर्यंत चढा, पाण्याची बाटली घेऊन. मिसळ मात्र खेळाच्या आधी खाऊ नका. पापड, दही, पाव, पुन्हा रस्सा, आणि मग अंधारात डोळे मिटतात.

आयोजकांना दया आली. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला स्टिरिओ फाइलवर फिल्म पुन्हा लावली. जेमतेम वीस जण होते. त्यांत मफलरवाले एक आजोबा, ज्यांनी आदल्या दिवशी प्रश्नोत्तरांत उभं राहून विचारलं होतं, “भांडणाचा आवाज मुद्दाम काढलात ना? फार धाडसाचं काम केलंत.” तेव्हा मी हो म्हणालो नव्हतो, पण नाहीही म्हणालो नव्हतो.

या वेळी सगळे संवाद लख्ख ऐकू आले. दिवे लागल्यावर आजोबा माझ्यापाशी आले, मफलर सारखा केला आणि म्हणाले, “कालची बरी होती.”