वीसपैकी वीस

अमेरिकेत शाळकरी मुलांच्या ‘क्विझ बोल’ या सांघिक प्रश्नमंजुषा स्पर्धांत मी गेली चार वर्षे शनिवारी स्वयंसेवक म्हणून प्रश्न वाचते आहे, आणि एकाच संघाने सामन्यातले वीसच्या वीस टॉसअप (बझर दाबून सोडवायचे प्रश्न) घेतल्याचे, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतला ‘ग्रेल’ झाल्याचे, अजून एकदाही पाहिलेले नाही.

टॉसअप दोन्ही संघांतल्या आठही खेळाडूंना खुला असतो. त्यावर आपसांत बोलायचे नसते आणि जो आधी बझर दाबेल त्यानेच उत्तर द्यायचे असते. बरोबर उत्तराला १० गुण, प्रश्नातल्या ठरावीक खुणेच्या आत दिले तर ‘पॉवर’चे १५, आणि प्रश्न मध्येच तोडून चुकल्यास ५ वजा. टॉसअप मिळवणाऱ्या संघाला ३० गुणांचा, तीन भागांचा बोनस प्रश्न मिळतो. असे वीसही फेरे पॉवर आणि पूर्ण बोनससह पार पडले, तर बेरीज ९०० भरते.

प्रश्नाची बांधणीच अशी असते, की अवघड धागा आधी येतो आणि सोपा शेवटी. उत्तर केप्लर असेल, तर आधी आईवर चाललेला चेटकाचा खटला येईल, मग टायको ब्राहेकडची चाकरी आणि अगदी शेवटी ग्रहगतीचे तीन नियम. खटल्याच्या उल्लेखाला ज्या मुलीचे बोट बझरवर घट्ट होते, तिने केप्लर पाठ केलेला नसतो, वाचलेला असतो, आणि हा फरक समोर बसून ऐकताना स्पष्ट कळतो.

तरीही ग्रेलपेक्षा मला बोनसचे पूर्ण गुण अधिक मोलाचे वाटतात. ग्रेल होण्यासाठी समोरचा संघ वीसही वेळा मागे पडावा लागतो, त्यामुळे तुल्यबळ संघांत तो जवळजवळ अशक्य असतो आणि दुबळ्या संघाविरुद्ध झाला तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. बोनसला मात्र प्रतिस्पर्धी हात लावू शकत नाही. म्हणूनच संघाची खरी ताकद जोखताना जाणकार दर बोनसमागची सरासरी पाहतात. तीन भागांपैकी एक सोपा, एक मध्यम आणि एक मोजक्याच संघांना यावा असा ठेवलेला असतो. वीस बोनसांत ३० ची सरासरी राखायची, तर साहित्य, रसायनशास्त्र, इतिहास, संगीत अशा विषयांतले ते वीसही कठीण भाग चौघांत मिळून कोणालातरी यावे लागतात.

मागच्या हिवाळ्यात एका संघाने माझ्यासमोर ओळीने एकोणीस टॉसअप घेतले. विसावा वाचायला घेतला तेव्हा गुण लिहिणाऱ्या मुलाची पेन्सिल कागदावर टेकूनच राहिली होती. प्रश्नाचे शेवटचे वाक्य सुरू झाले आणि पलीकडच्या बाकावरून, सकाळपासून एकदाही न दाबला गेलेला बझर वाजला. त्या मुलाने अगदी हळू आवाजात उत्तर दिले, ते बरोबर होते, आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली ती एकोणीस टॉसअप घेणाऱ्या संघानेच.