माळावर झाडं नको म्हणणारे मामा

एमएस्सीला सस्टेनेबिलिटी घेतलंय म्हटलं की सोलापुरात हमखास विचारतात, "म्हंजे झाडं लावायचं का ओ?" आणि इंटर्नशिपला माझं पहिलं भांडण झालं ते झाडं लावू नका यावरून.

एका कंपनीला सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, वृक्षारोपण करायचं होतं. कायद्याने मोठ्या कंपन्यांना यावर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्चावे लागतात, वर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा बीआरएसआर रिपोर्ट, म्हणजे पर्यावरण आणि समाजासाठी काय केलं त्याचा हिशोब, तो 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना कंपल्सरी, म्हणून मार्चच्या आत रोपांचा आकडा पाहिजे. जागा बघितली बार्शी रोडला, नान्नजकडचं गायरान, कागदावर पडीक.

ग्रामपंचायतीत सकाळी अकराला मीटिंग, भिंतीवर हिरवंगार प्रेझेंटेशन, सगळे माना डोलवतायत. रेशनला आलेले एक धनगर मामा दारात उभे होते, ते तिथनंच बोलले, "पडीक कुटं हाय सायेब? पवन्या गवत हाय, मारवेल हाय. तुमी खड्डं मारून तारा वडल्या की मेंढरं कुटं न्यायाची?"

सरपंच म्हणाले बसा मामा, पण मग मलाच राहवलं नाही. नान्नजचं अभयारण्य 1979 चं, माळढोकासाठी केलेलं. हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो, सहसा एकच, आणि त्याला लांबपर्यंत मोकळं दिसायला लागतं, तिथं दाट झाडी केली तर तो राहणारच नाही. लांडगा, काळवीट हेही माळावरचेच. हे सगळं एका दमात बोललो, पाय लटपटत होते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम आम्हाला सिलॅबसला आहे, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली पहिली बाई, 2009. तिचा मुद्दा असा की नियम ज्यांना लागू होणार त्यांनीच ते ठरवायला पाहिजेत. इथं मीटिंगच अशा टायमाला की सगळे मेंढके माळावर!

मॅनेजर वैतागला, "मग रिपोर्टमध्ये दाखवू काय?" त्याला व्हिलन करण्यात अर्थ नाही, वरून टार्गेटच 'रोपं किती' असं आलेलं. मी म्हटलं, किती हेक्टर गवत राखलं ते दाखवा, गवतात घुसून पसरणारी वेडी बाभूळ काढा. मामा म्हणाले, "बी पडूस्तर एक पट्टा बंद ठिवा, आमीच राखताव, पर आमाला इचारून."

पुढची मीटिंग रात्री आठला ठरली, मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घातल्यावर. मॅनेजर म्हणाला आठला ऑफिस बंद असतंय, मामा म्हणाले, "मग आमच्या मेंढरांच्या वाड्यावरच या की."