नांदूरमध्यमेश्वरला टिलवे बघायचेत तर महिना नाही, पाणी विचारून जा

नाशिकजवळच्या या पक्षी अभयारण्यात डिसेंबरात गेलो तेव्हा साफ फसलो. थंडीत जा, हजारो पक्षी असतात, असं ज्याने त्याने सांगितलेलं, आणि बदकं, वारकरी (कूट पक्षी) खरंच होते ढिगाने, पण मला बघायचा होता छोटा टिलवा (लिटल स्टिंट) हा गाळात चरणारा पक्षी, आणि बंधारा काठोकाठ भरलेला. टिलवा चिमणीएवढा, पाय जेमतेम इंचभर, गाळ उघडा नसेल तर तो उभा कुठं राहणार? मनोऱ्यावर तीन तास बसलो, एक दिसला नाही.

नंतर गावातल्या एका आजोबांनी नीट समजावलं. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ बेटं झालीत. वरून गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सोडलं की ती बुडतात, कालव्यांना आवर्तन (शेतीसाठी पाळीचं पाणी) गेलं की पातळी उतरते, ओला गाळ वर येतो आणि टिलवे उतरतात. म्हणून काठावरच्या चापडगावात कुणाला तरी फोन करा, "पक्षी आहेत का" विचारू नका, "गाळ उघडा पडलाय का" विचारा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत गेलो. सोबतच्या माणसाने अगदी जवळून दाखवतो म्हणून ठरल्यापेक्षा ५०० रुपये जास्त घेतले आणि थेट गाळात घातलं. काळा चिकट गाळ, दहा पावलांत गुडघ्यापर्यंत पाय रुतला, बूट काढायला अर्धा तास, आणि पन्नासेक टिलव्यांचा थवा उठला तो परत आलाच नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. २०-३० ग्रॅमचा जीव, इथून सैबेरियाच्या पार उत्तरेला टुंड्रात जाणार, त्यासाठी याच दिवसांत अंगावर चरबी चढवत असतो, आणि आपण फोटोसाठी त्याला ताटावरून उठवतो. गाळात उतरायचं नाही म्हणजे नाही, कुणी कितीही आग्रह करो. जास्तीचे पैसे तर मुळीच देऊ नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच गेलो, सूर्य पाठीशी घेऊन बाभळीखाली गप्प बसलो. तासाभरात टिलवेच चालत चालत पंधरा फुटांवर आले! कोंबडी दाणे टिपते तसं टिपतात पण कितीतरी वेगात, मान वर करायलाही फुरसत नाही. दोघा-तिघांच्या मानेच्या बाजूंवर, पाठीवर तांबूस रंग चढायला लागलेला, म्हणजे विणीची तयारी. तिकडे मादी कधी कधी एक वीण नराच्या हवाली करते आणि दुसरी स्वतः उबवते, उन्हाळाच एवढासा की दोन घरटी एकदम चालवायची. पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःच किडे टिपतात. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण तो तांबूस रंग समोर बघितला आणि अंगावर काटा आला, खरंच.

ओळखायला पाय बघा. काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळट-हिरवट असतील तर टेमिंकचा टिलवा, त्याचाच भाऊबंद. पाय चिखलाने माखलेले असतील तर घाई करू नका, पाण्यात दोन पावलं टाकेपर्यंत थांबा.

नाशिकहून निफाडमार्गे चाळीसेक किलोमीटर, रस्त्याचं काही सांगण्यासारखं नाही. सहाच्या आत काठावर पोचा, नऊनंतर उन्हाने गाळावरची हवा थरथरते, दुर्बिणीतून पायाचा रंग कळत नाही. आणि मे उजाडायच्या आत जा.